जिल्ह्याचा उजवा पाय

फोन आला तेव्हा मी मिरजोळ्याला कारखान्यात होतो. आमचा कारखाना बर्फाचा. यंत्रांच्या घरघरीत फोनवर बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. पलीकडून नाना वकील ओरडत होते, "सदानंदराव, गेला हो... आपल्या जिल्ह्याचा उजवा पाय गेला!" खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मला वाटलं, कापला एकदाचा. त्या तरुण डॉक्टरने कुणाला न जुमानता हरीचा सडलेला पाय काढून टाकला आणि माझा दोस्त वाचला. मी म्हणालोसुद्धा, "बरं झालं, सुटला." नाना फार दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "अहो, बोलता काय? चोगलेसाहेब वारले." माणूस मेला तर आधी त्याच्या पायाची बातमी देणारं हे गाव. या पुरवणीच्या संपादकांनी मला सांगितलं आहे की, थोर फुटबॉलपटू हरिश्चंद्र चोगले यांच्यावर काहीतरी हृद्य लिहा, तुम्ही त्यांच्याबरोबर खेळलात. हृद्य माझ्याकडे नाही. महिना उलटला तरी माझा राग उतरलेला नाही, तेव्हा जे आहे ते लिहितो.

आम्ही दोघे हर्ण्याचे. दोघांच्याही घरी होड्या, जाळी आणि दिवसभर मासळीचा वास. ओहोटीला वाळू घट्ट झाली की आम्ही मुलं तिथे चेंडू खेळायचो. संध्याकाळी होड्या लागल्या, लिलाव सुरू झाला की घरची माणसं हाका मारायची, पाट्या उचलायला या म्हणून. आम्ही धावायचो. हरी तिथेच उभा राहायचा, गोलाच्या खुणेच्या दोन दगडांपुढे, कमरेवर हात ठेवून. काम संपलं की पुन्हा खेळ सुरू होईल आणि तेव्हा आपण बरोबर जागेवर असू, एवढाच त्याचा हिशेब. आळशीपणा इतका शांतपणे करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तो जन्माचा डावरा. जेवायला डावा हात पुढे केला की आई उलथनं हाणायची. मारून मारून त्यांनी हाताला वळण लावलं. पायाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, म्हणून तेवढा राहिला. जो काही फुटबॉल त्याला आला तो त्या डाव्या पायात होता. उजव्यावर तो उभा राहायचा, बस.

पुढे आम्ही मुंबईला गेलो आणि एका कंपनीच्या संघात लागलो. नोकरी नावाला, खरं काम मैदानावर. मी फुलबॅक आणि हरी सेंटर फॉरवर्ड, ज्याला हल्ली स्ट्रायकर म्हणतात. या जातीबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. फुटबॉलचा मोसम पावसाळ्यातला. आम्ही मागे चिखल खायचा, नडग्या फोडून घ्यायच्या, चेंडू काढून पुढे द्यायचा, आणि साहेब तिकडे केस सारखे करत उभे. मागे येऊन मदत करणं हे त्याला भांडी घासण्याइतकं कमीपणाचं वाटे. ओरडलो तर म्हणायचा, "मेल्या, मी मागे आलो तर पुढे कोन, तुझा बापूस?" पण चेंडू आला की... हे मान्य करताना आजही माझ्या कपाळाला आठी पडते... चेंडू आला की त्या डाव्या पायाला विचार करावा लागत नसे. ज्या अंतिम सामन्याचं इथे सगळे पुराण सांगतात, त्यात गोल कसा झाला ते मी सांगतो, कारण मी तिथे होतो आणि रत्नागिरीतलं दुसरं काळं कुत्रंही नव्हतं. चेंडू मी अडवला, आमच्या गोव्याच्या विंगरला दिला, त्याने उजवीकडून कमरेइतक्या उंचीवर आत टाकला. हरीचा उजवा पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतला होता. त्या रुतलेल्या पायावर तो तोलला आणि डावा पाय असा फिरला, की गोलकीपर हलायच्या आत जाळी फुगली. मग तो आमच्याकडे धावत आला असेल असं वाटतं का? तो प्रेक्षकांकडे धावला. आम्ही बाकीचे चिखलात उभे राहून एकमेकांच्या पाठी थोपटत होतो.

नंतर त्याचे गुडघे गेले. कंपनीने संघच मोडला आणि त्याला गोदामात बसवलं. तिथे त्याच्याकडे बघून कुणी टाळ्या वाजवत नव्हतं, म्हणून त्याने ते सोडलं आणि बायकोला घेऊन रत्नागिरीला आला. झाडगावात छोटं घर घेतलं. मी तोवर मिरजोळ्याला नोकरीला लागलो होतो. इथल्या व्यायामशाळेच्या मंडळाने त्याचा सत्कार ठरवला. अध्यक्ष नाना वकील. यांनी आयुष्यात फुटबॉलला हात लावला नव्हता, पायाचा तर प्रश्नच नाही. भाषणात नाना म्हणाले, "याच त्या उजव्या पायाने चोगलेसाहेबांनी मुंबईत कोकणचा झेंडा रोवला!" मी मागच्या रांगेतून ओरडलो, "डाव्या, डाव्या!" नाना हसून म्हणाले, "फुलबॅकला मागून काय दिसणार?" सभा पोट धरून हसली. चहाच्या वेळी मी नानांना गाठलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, लहान मुलाला समजवावं तसा. "अहो, शुभकार्यात डावा कशाला आणायचा? आपण आरतीचं ताट डाव्या हाताने देतो का? नवी सून डावा पाय टाकून घरात येते का?" त्यांना खरं काय ते कळलं होतं. त्यांनी ते सत्काराला शोभेल असं दुरुस्त करून घेतलं होतं.

आणि हरी? नाव हरिश्चंद्र, पण तोंडातून शब्द नाही. नारळ आणि शाल घेऊन मान खाली घालून बसला होता. घरी जाताना मी त्याला धरलं. "मेल्या, बोलला का नायस?" तर म्हणाला, "जाऊ दे रे सदा. त्यांना उजवा हवा तर उजवा. गोल झाला ना?" त्या दिवशी मला ते फारसं लागलं नाही. एवढ्याशा गोष्टीचं पुढे काय होणार, असंच वाटलं.

पुढे जे झालं ते पाहून हसावं की थुंकावं, मला ठरवता आलं नाही. लोक हरीच्या पाया पडायला लागले, म्हणजे एका पायाच्या. क्रिकेटची मॅच असली की पोरं आधी झाडगावात येऊन उजव्या पायाला हात लावून जायची. दहावीला बसणारी आली, नगरपालिकेला उभे राहणारे आले. एक जण तर नवीन स्कूटर घेऊन आला आणि साहेबांनी उजव्या पायाने किक मारून द्यावी म्हणून हट्ट धरून बसला. गुडघ्यांचा पार भुगा झालेल्या माणसाने ती मारलीही. या सगळ्या काळात गावात फुटबॉल किती खेळला गेला? अजिबात नाही. मंडळाने त्याला मार्गदर्शक नेमलं होतं, पण मैदानावर क्रिकेट आणि कबड्डी. मार्गदर्शन पडवीतल्या खुर्चीतून चाले. हरी सकाळी अंघोळ करून तिथे बसायचा आणि उजवा पाय जरा पुढे काढून ठेवायचा, येणाऱ्याला वाकायला सोपं जावं म्हणून. आत सुमनवहिनी, त्याची बायको, चहाची आधणं ठेवून ठेवून थकून जायची. टीव्हीवर परदेशातले सामने दिसायला लागले तेव्हा तर पडवीत जागा पुरेना. गोल डाव्याने झाला की कुणीतरी म्हणायचं, "साहेबांनी उजव्याने मारला असता." आणि हरी गालात हसायचा! मी एकदा चार माणसांत विचारलं, "हरी, तुझा कुठला रे पाय?" त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "सदानंदरावांच्या पोटात दुखतं." दुखत होतंच. आपल्या डोळ्यांदेखत एक चांगला खेळाडू स्वतःच स्वतःला खोटा पाडतोय, आणि तेही टाळ्यांसाठी, हे पाहून पोटात दुखू नये तर काय व्हावं?

मधुमेह त्याला मुंबईतच लागला होता. तळपायाला काही लागलं तरी कळत नसे. हे वहिनीला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, पाया पडणाऱ्यांना नव्हतं आणि हरीने ते सांगितलं नाही. देवाला मधुमेह असतो का? खंडेनवमीला व्यायामशाळेत हत्यारांची पूजा असते. मुद्गल, डंबेल, लेझीम सगळं धुऊन पुसून मांडतात, हळदकुंकू वाहतात. गेल्या खंडेनवमीला नानांच्या डोक्यातून निघालं की, आपल्या जिल्ह्याचं सगळ्यात मोठं हत्यार तर राहूनच जातंय. झालं. मुद्गलांच्या शेजारी पाट मांडला, हरीला खुर्चीवर बसवलं आणि त्याचा उजवा पाय पाटावर. फूल वाहिलं, कुंकू लावलं. कापराचं तबक ओवाळून झाल्यावर उत्साहाच्या भरात कुणीतरी ते त्याच्या अंगठ्याला चिकटूनच ठेवलं, कापूर जळत असताना. आरती चाललेली, टाळ्या चाललेल्या. हरी डोळे मिटून बसलेला. मी दारात उभा होतो. मला आधी वाटलं, तबक लांब असेल. मग पाहिलं तर ज्योत सरळ कातड्याला लागत होती आणि तो माणूस हसत होता. मी लोकांना ढकलत पुढे गेलो आणि तबक ओढलं. आरती मोडली म्हणून सगळे माझ्यावरच डाफरले.

जखम त्या कापराने झाली की आधीच काही होतं, डॉक्टरला नक्की सांगता आलं नाही. मी पाहिलं ते पाहिलं. अंगठ्याला टपोरा फोड आला होता. वहिनी म्हणाली, दवाखान्यात चला. हा म्हणाला, किरकोळ आहे. खरं कारण वेगळं होतं. पट्टी बांधली तर लोक पडवीत येऊन विचारतील आणि पायाचं देवपण जाईल. वहिनीने रात्री बांधलेली पट्टी सकाळी काढून, जखमेला हळद फासून तो बसायचा आणि लोक ती पूजेची हळद समजून हात लावून कपाळाला टेकवायचे. दिवाळी झाली तोवर अंगठा काळा पडला. घरात वास यायला लागला तेव्हा मी रिक्षा आणली आणि वहिनीने आणि मी त्याला जवळजवळ उचलूनच नेलं.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण, देशावरचा. आडपडदा न ठेवता म्हणाला, "गँगरीन हाय. गुडघ्याखालनं पाय काढावा लागंल. काढला तर माणूस वाचंल. न्हाई काढला, तर मी काय सांगू शकत न्हाई." वहिनीने क्षणही घेतला नाही. म्हणाली, "काढा." हरी छताकडे बघत होता. तो म्हणाला, "बघा काय ता." त्याच्या तोंडी एवढं आलं म्हणजे होकारच. त्या संध्याकाळी मी निर्धास्त घरी गेलो. पाय जाणार, हरी राहणार, मग पडवीतली ती यात्राही थांबेल, आम्ही दोघं म्हातारे हर्ण्याला जाऊन ओहोटीची वाळू बघत बसू, असलं काहीबाही मनात आलं होतं.

सकाळी पोचलो तर खाटेभोवती मंडळच मंडळ. नाना खाटेच्या पायथ्याशी उभे, डोळे पुसत. "साहेब, हा पाय तुमच्या एकट्याचा नाही. जिल्ह्याचा आहे. तो कापायचा अधिकार या कालच्या पोराला कुणी दिला?" कुणी एका वैद्याचं नाव घेतलं, पाल्याचा लेप लावतो म्हणे. दोघे तिघे त्याच दिवशी हेदवीला दशभुजा गणपतीला नवस बोलायला निघाले होते, भाड्याच्या जीपमधून, जाताना जेवणाचे डबे घेऊन. एकाने सगळ्यांच्या देखत पट्टीवर डोकं टेकलं आणि हुंदका दिला. मी हरीच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड मला ठाऊक होतं. गोल मारून प्रेक्षकांकडे धावताना त्याचं तोंड असंच उजळायचं. तो उशीवरून थोडा उठला आणि डॉक्टरला म्हणाला, "नको. पाय ऱ्हाऊ दे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दवाखान्यात, आजारी माणसांच्या मधोमध, टाळ्या! डॉक्टरने माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या खाटेकडे गेला.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी खाटेवर बसलो आणि तोंडाला येईल ते बोललो. "हरी, तुला अक्कल हाय का? कशाला जीव देतोस? या पायानं तू काय केलंस? उभा ऱ्हायलास! गोल डाव्यानं मारलास. तुझा खरा पाय धडधाकट हाय, त्याला काय झालेलं नाय. हा जाऊ दे." तो म्हणाला, "मला ठाव हाय रे. पन आता लोकांना काय सांगू?" मी म्हणालो, "लोकांना मरू दे." त्यावर तो हसला. वहिनी खाटेच्या दुसऱ्या बाजूला पेज घेऊन बसली होती. चमचा वाटीत ठेवून ती म्हणाली, "मला एका पायाचा चालंल." हरीने मान वळवली. "काय?" "नवरा. एका पायाचा चालंल मला. नानांना इचारलंत, गनपतीला इचारलंत, मला कुनी इचारलंच नाय." हरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, जिंकलो. त्याने तिचा हात धरला, धरून ठेवला आणि म्हणाला, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी तो तापात बरळत होता. त्यानंतर बघण्यासारखं काही उरलं नाही. मी कारखान्यात असताना नानांचा तो फोन आला.

अंत्ययात्रेला गाव लोटलं होतं. हार सगळे पायाशी, तेही एकाच. शोकसभेत नाना तासभर बोलले. म्हणाले की, साहेबांनी प्राण दिला पण पाय दिला नाही. यावरही टाळ्या पडल्या. मी उठून बाहेर आलो. या लोकांना शिव्या घालून काही उपयोग नाही, त्यांना खरंच वाटतं की त्यांनी त्याच्यावर प्रेम केलं. आणि हरीला शिव्या घालायच्या तर तो ऐकायला नाही. दुसऱ्यांनी आणून दिलेल्या चेंडूवर जगलेला, टाळ्यांना भुललेला, कधी मागे न आलेला मूर्ख माणूस! सबंध आयुष्यात एकदा, फक्त एकदा, त्याने मागे यायला हवं होतं, बायकोने हाक मारली तेव्हा. तो माझा दोस्त होता आणि मला तो म्हातारपणाला हवा होता. याहून हृद्य मला लिहिता येत नाही.

परवा मंडळाची माणसं झाडगावात आली. मी तिथेच होतो. व्यायामशाळेत काचेचं कपाट केलंय, त्यात ठेवायला साहेबांचा उजवा बूट हवा, असं नाना म्हणाले. वहिनी आत गेली. माळ्यावरून कापडी पिशवी काढून आणली आणि तिच्यातून उजवा बूट काढून त्यांच्यापुढे धरला. "न्या. तुमचाच हाय तो." नानांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. बुटाच्या नाकावर एक साधा ओरखडा नव्हता, पण ते बघायला फुटबॉल ठाऊक असावा लागतो.

ते गेल्यावर तिने डावा बाहेर काढला. नाकाचं चामडं फाटलेलं, मोच्याने शिवलेलं, पुन्हा फाटलेलं, पुन्हा शिवलेलं. टाक्यांत अजून त्या मैदानांची माती होती. तिने तो ओल्या फडक्याने पुसला आणि दाराशी, आमच्या चपलांच्या ओळीत, नीट सरळ करून ठेवला. तेवढ्यात अंगणात मासळीवाली आली. या वाडीत ती नवीन होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. पाटी उतरवताना तिचं लक्ष त्या एकट्या बुटाकडे गेलं.

"काय वो बाय, तुमच्याकडं कोन एका पायाचा मानूस ऱ्हातो?"

"होय," वहिनी म्हणाली, आणि बांगडे निवडायला बसली.